६२ किलोच्या माणसाला १६२ चा बोर्ड?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लिहिणारा तरुण २९ वर्षांचा. मूळ गाव खानापूर तालुक्यात, बेळगावला उद्यमबागेत घरचं लहानसं मशीन शॉप. गेली चार वर्षं हिवाळ्यात दहा-बारा दिवस काढून तो गुलमर्गला स्नोबोर्डिंगला जातो. बोर्ड आणि बूट तिथेच भाड्याने घेतो. मशीनने दाबून सारख्या केलेल्या उतारावर आता त्याचा जम बसलाय. पण ताज्या बर्फात झाडांमधून उतरताना बोर्डचं नाक बुडतं, मागच्या पायाची मांडी पेटते आणि वळण लागतं ते खोड अगदी अंगावर आल्यावर. जपानमध्ये नोकरीला असलेला चुलतभाऊ दिवाळीला गावी येतोय, येताना बोर्ड आणतो म्हणालाय. साठ हजार रुपये बाजूला काढलेत. डोळ्यांसमोर तीन बोर्ड आहेत: गोंडोलाच्या, म्हणजे वर नेणाऱ्या रोपवेच्या रांगेत भेटलेल्या एका परदेशी माणसाने सुचवलेला १६२ सेंटीमीटरचा लांब, कडक बोर्ड, माशासारखी दुभंगलेली शेपटी असलेला १४४ चा रुंद पावडर बोर्ड (पावडर म्हणजे ताजा, भुसभुशीत बर्फ), आणि दोन्ही टोकं सारखी असलेला १५३ चा नेहमीचा बोर्ड. त्याची उंची ५ फूट ६ इंच, वजन ६२ किलो, पाय ७ नंबरचा. आईचं म्हणणं, "वर्षातल्या दहा दिवसांसाठी एवढं पैसं कशाला रे घालतोस?" आणि त्याचा प्रश्न: "एकदाच घेणार आहे, चुकायला नको. ताई, कुठला घेऊ?"

तुझं पत्र वाचल्यावर आधी मलाच एक प्रश्न पडला. रांगेत भेटलेल्या त्या माणसाचं वजन किती होतं?

तो वीस वर्षं बर्फात आहे, एवढंच तू लिहिलंस. वजन तू विचारलं नसणार, आणि त्यानेही तुझं विचारलं नसणार. बोर्ड उभा करून हनुवटीला लागतो का बघायची जुनी पद्धत अजून चालते, पण बोर्डला उंची कळत नाही. तो बर्फावर किती तरंगणार आणि पायाखाली किती वाकणार, हे वजनावर ठरतं. म्हणून तर कंपन्या प्रत्येक लांबीपुढे किलोचा तक्ता देतात. ८५-९० किलोच्या माणसाला १६२ बरोबर बसतो. त्या माणसाने तुला खोटं सांगितलं नाही, त्याचं स्वतःचं खरं सांगितलं. तुझ्या ६२ किलोखाली तोच बोर्ड तरंगेल भरपूर, पण वाकणार नाही. आणि वाकला नाही तर हव्या त्या जागी वळणार नाही. जाड पट्टी आणि पातळ पट्टी एकाच जोराने सारखी वाकत नाही, हे मशीनवर दिवस काढणाऱ्या तुला मी काय सांगायचं?

शिवाय लांब बोर्डचं खरं माहेर म्हणजे उघडा, रुंद उतार. गुलमर्गला तो वर आहे, अफरवटच्या डोंगरावर, गोंडोलाचा दुसरा टप्पा साधारण ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो तिथे. पण रात्रभर बर्फ पडल्यावर सकाळी काय होतं ते तू चार वर्षं बघतोयस. दुसरा टप्पा बंद. हिमस्खलनाचा धोका बघून वरचा उतार मोकळा करेपर्यंत सगळी मंडळी पहिल्या टप्प्यावर, तो संपतो त्या कोंगदूरीच्या खालच्या झाडीत. म्हणजे वर्षातला सगळ्यात खोल बर्फ तुझ्या वाट्याला बहुतेक वेळा मोकळ्या उतारावर येतच नाही, झाडांत येतो. खोल बर्फासाठीच बोर्ड घ्यायचा तर तो झाडांत वळणारा हवा. १६२ चा विषय मी इथेच संपवते.

आता बुडणाऱ्या नाकाकडे येऊ. ते वाचताना मला तुमच्या खानापूरकडची रोपलावण आठवली. चिखलणी झाली की शेत सारखं करायला बैलांमागे फळी जोडतात आणि तिच्यावर माणूस उभा राहतो. तुझ्या घरात कुणी ना कुणी उभं राहिलेलं असणारच. नवखा पोरगा फळीवर ताठ उभा राहतो, पुढची कड चिखलात घुसते आणि तो बैलांच्या शेपटीकडे फेकला जातो. जाणता माणूस टाचा दाबून भार मागे ठेवतो, पुढची कड चिखलावर चढते, फळी सरकत राहते. पण दिवसभर असं उभं राहिलेल्या त्या माणसाला संध्याकाळी पोटऱ्यांचं विचार. तू ताज्या बर्फात नेमकं हेच करतोयस. भाड्याचा बोर्ड बहुतेक दोन्ही टोकं सारखी असलेला, बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला धरून ठेवणारे पट्टे, बरोबर मधोमध. नाक वर ठेवायचं सगळं काम तुझ्या मागच्या मांडीवर.

पावडरचा बोर्ड हे काम पायाकडून काढून घेतो आणि लाकडाला देतो. त्याचं नाक रुंद आणि शेपटी अरुंद असते. या फरकाला टेपर म्हणतात, तो मिलिमीटरमध्ये मोजतात. अरुंद शेपटी थोडी बुडते, रुंद नाक आपोआप वर येतं. बाइंडिंगची जागा मधल्या रेषेच्या मागे असते. आणि नाकाकडचा भाग होडीच्या तोंडासारखा लांबूनच वर वळत गेलेला असतो, त्याला रॉकर म्हणतात. या तीन गोष्टी असल्या की तू बोर्डवर सरळ, दोन्ही पायांवर उभा राहू शकतोस. मागचा पाय मोकळा राहिला तरच झाडांत चटकन वळवायला उपयोगी पडतो. तुझं वळण उशिरा लागतं त्याचं एक कारण हेच आहे, असं मला वाटतं: पाय आधीच दमलेला असतो.

हे खरं की खोटं, हे एक रुपयाही न घालता तपासता येतं. पुढच्या वेळी भाड्याचा बोर्ड हातात आला की दुकानदाराकडून स्क्रूड्रायव्हर माग आणि दोन्ही बाइंडिंग एक-एक भोक मागे सरकव. बहुतेक बोर्डांवर भोकं दोन सेंटीमीटरच्या अंतरावर असतात. बर्फ खोल असेल तर दोन भोकं. दोन पायांतलं अंतर मात्र बदलू नकोस. तेवढ्यानेच मांडीचा जाळ निम्मा झाला, तर तुझं दुखणं सापडलं. नाही झाला, तर नवा बोर्डही तुला पुरता वाचवणार नाही. मग दोन दिवस चांगल्या शिक्षकाबरोबर काढ, ते जास्त कामी येतील.

मग तो १४४ चा मासा का नको? खोल, कोरड्या बर्फात, दाट झाडीत त्याच्यासारखं सुख नाही, हे मी मनापासून सांगते. पण तो ज्या बर्फासाठी घडवलाय तो बर्फ कसा पडतो ते बघ. सायबेरियाकडून येणारा थंड वारा जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतो आणि होक्काइडोच्या डोंगरांवर ते हलक्या बर्फाच्या रूपात टाकतो. हिवाळ्याच्या ऐन मोसमात तिथे पुन्हा पुन्हा बर्फ पडत राहतो. काश्मीरचा बर्फ येतो पश्चिमी विक्षोभांतून. एक झड आली की दोन-तीन दिवस धो धो, मग लख्ख ऊन. पुढची झड चार दिवसांनी येईल, नाहीतर पंधरा. २०२४ च्या जानेवारीत चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरचा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, अर्ध्याहून जास्त उलटला तरी गुलमर्गची माळरानं उघडी होती, ते फोटो तूही बघितले असशील. त्यामुळे तुझ्या दहा-बारा दिवसांतले ताज्या बर्फाचे किती, हे एकदा वहीत मांड. तीन? चार? बाकीचे दिवस दाबलेला उतार, लोकांनी नांगरून टाकलेली झाडी, दुपारचा ओला बर्फ आणि सकाळी त्याचंच झालेलं कडक कवच. गुलमर्गच्या खालच्या बाबा रेशीच्या बाजूने झाडीतून उतरत गेलास तरी वरचा मऊ बर्फ खाली येईपर्यंत पातळ आणि जड होतो, शेवटी रस्त्याकडेला बोर्ड काढून गाडीची वाट बघायची. फार अरुंद आणि दुभंगलेली शेपटी कडक बर्फावर वळणाच्या शेवटी पकड सोडते. आणि कधी उलटा, शेपटी पुढे करून सरकायची वेळ आली, तर ती साथ देत नाही.

दुसरीकडे १५३ चा सारख्या टोकांचा बोर्ड घेतलास तर तू भाड्याने घेतोस तेच विकत घेतल्यासारखं होईल. फक्त नवं.

मला तुझ्यासाठी दिसतो तो या दोघांच्या मधला. दिशा असलेला, म्हणजे नाक-शेपटी वेगळी असलेला, पण टोकाचा नसलेला. लांबी १४८ ते १५१. टेपर १० ते १५ मिलिमीटर. २० च्या पुढे गेलास की माशाच्या गावाला पोचलास. बाइंडिंगची जागा मुळातच दोन-तीन सेंटीमीटर मागे. कडकपणा कंपन्या १ ते १० मध्ये देतात, त्यात ५ किंवा ६. नाकाला रॉकर, पण दोन पायांच्या मध्ये आणि मागच्या पायाखाली कॅम्बर हवाच. कॅम्बर म्हणजे ट्रकच्या कमान-पाट्यासारखा वर उचललेला बाक. भार पडला की तो सपाट होतो आणि एजची, म्हणजे बोर्डच्या कडेच्या धातूच्या धारेची, दोन्ही टोकं बर्फात दाबून धरतो. सकाळच्या कडक उतारावर तुला तोच सावरणार आहे. साइडकटची, म्हणजे बोर्डच्या कडा मध्ये आत वळतात त्या कमानीची, त्रिज्या सात-साडेसात मीटरच्या आसपास असली की वळण आखूड लागतं.

बोर्डच्या कमरेची, म्हणजे मधल्या सगळ्यात अरुंद भागाची, रुंदी २५२ ते २५७ मिलिमीटर. पावडरला रुंद बोर्ड चांगला असं तू वाचलं असशील, आणि आखूड बोर्डला थोडी रुंदी लागतेच, नाहीतर तरंगणार कशावर? पण तुझा पाय ७ नंबरचा, म्हणजे साधारण २६ सेंटीमीटर. २६५ ची कंबर घेतलीस तर एका एजवरून दुसऱ्या एजवर जायला प्रत्येक वेळी अर्धा क्षण उशीर होईल, आणि झाडांत तो अर्धा क्षण महाग पडतो. जास्त वजनाचा किंवा मोठ्या पायाचा कुणी हे वाचत असेल तर त्याने माझे आकडे उचलू नयेत. १० नंबरच्या पायाला हीच कंबर अरुंद पडेल, वळताना बुटाची टोकं बर्फात घासतील.

बुटाबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तीच वाटते. भाड्याचे बूट शेकडो पायांनी सैल केलेले असतात. गुडघा पुढे वाकवलास की टाच आत उचलली जाते का? जात असेल तर तू पायाने दिलेला हुकूम बोर्डपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि दोष बोर्डला मिळतो. साठ हजारांतले पहिले पैसे बुटात घाल. भावाने अंदाजाने आणलेले बूट मात्र नकोत, ते घालून बघूनच घ्यायचे. तरीही तोच आणणार असेल, तर भिंतीला टाच टेकवून, पूर्ण भार टाकून दोन्ही पावलं सेंटीमीटरमध्ये मोज आणि मोठ्या पावलाचं माप कळव. जपानमध्ये बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबीच असते, त्यामुळे निदान आकड्याची गफलत व्हायची नाही.

"एकदाच घेणार आहे" हे वाक्य मला तुझ्या मनातून काढायचंय. त्या एका वाक्यापायी तू असा बोर्ड शोधतोयस जो आज, दहा वर्षांनी, झाडीत, माथ्यावर, सगळीकडे चालेल. तसा बोर्ड नाही. चार हिवाळ्यांच्या माणसाची चाल पुढच्या चारात बदलणारच. म्हणून मी तुझ्या जागी असते तर नवाकोरा घेतलाच नसता. जपानमध्ये वापरलेले बोर्ड भरपूर मिळतात, आणि १४५ ते १५२ ही मापं तिथे रोजची आहेत, हा तुझा फायदा. भावाला सांग, बोर्ड सपाट फरशीवर ठेवून चारही बाजूंनी फोटो काढ. पीळ पडलाय का ते तुला फोटोत कळेल. सरफेस प्लेटवर जॉब बघायची तुझी नजर इथे कामाला येईल. एजला कुठे तडा आहे का, थर सुटून कड फुगलीय का, बाइंडिंगच्या भोकांतले आटे शाबूत आहेत का, हे त्याने बोट लावून बघायचं. बेसवरचे, म्हणजे बोर्डच्या खालच्या बाजूचे, ओरखडे भरता येतात, त्यांना घाबरू नको. तुझ्या बाइंडिंगची चकती त्या भोकांना बसते का हेही आधी विचार, कारण काही बोर्डांवर भोकांऐवजी लांब खाच असते. दिवाळीच्या आत असं काही सापडलं नाही, तर यंदा भाड्याच्या बोर्डवर बाइंडिंग मागे घेऊन हिवाळा काढ. भाऊ पुन्हा येईलच की.

वाचलेल्या पैशांतून काय घ्यायचं तेही सांगते, आणि यात मी हट्टी आहे. फरच्या झाडाच्या खालच्या पसरट फांद्या बर्फ अडवतात, म्हणून खोडाभोवती तो दाबून बसत नाही. वरून सारखं दिसतं, आत पोकळ. एकदा पहिल्या टप्प्याच्या खाली, माझ्यापासून जेमतेम चार मीटरवर माझी मैत्रीण वेग कमी करायला एका झाडाजवळ गेली आणि खांद्यापर्यंत आत उतरली. नशीब, डोकं वर होतं. बोर्ड तिच्या पायात अडकलेला, हलली की फांद्यांवरचा बर्फ तिच्या तोंडावर पडायचा. मी माझा बोर्ड काढला तशी कमरेपर्यंत रुतले. हातांनी बर्फ उपसत तिच्यापर्यंत जायला मला दहा मिनिटं लागली. ती उलटी, डोक्यावर पडली असती, तर दहा मिनिटं फार होती. झाडांत एकट्याने जायचं नाही. सोबत्याला हाका मारून चालत नाही, तो डोळ्यांना दिसला पाहिजे. शिट्टी गळ्यात, बॅगेत नाही. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा पत्ता देणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हे तिन्ही अंगावर आणि ते वापरायचा सराव आधी झालेला, कारण झाडी आहे म्हणून हिमस्खलन होणार नाही असं नसतं. आणि उतरताना नजर खोडांवर ठेवू नको, खोडांमधल्या पांढऱ्या फटींवर ठेव. बोर्ड नजरेमागे जातो.

हे सगळं आईला सांग. ती पैशाबद्दल बोलतेय, पण मला तिचा प्रश्न निव्वळ पैशाचा वाटत नाही. आपल्या भागात बर्फाची ओळख सहलीतून झालेली नाही, फौजेतून झालीय. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या कॅम्पात, प्रत्येक गल्लीत कुणीतरी काश्मीर बघून आलेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनला हिमस्खलनाखाली सहा दिवस राहून जिवंत सापडलेले आणि तीन दिवसांनी गेलेले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद धारवाड जिल्ह्यातले, आपल्या शेजारचे. त्या दिवसांत आपल्याकडे घराघरांत टीव्ही लावून बसलेल्या बायकांत तुझी आईही असेल. बर्फ म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर जे येतं ते तुझ्या फोटोतलं निळं आकाश नव्हे. बोर्डच्या गुणांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा तिला ट्रान्सीव्हर हातात दे, सोबत्याचा घरामागे पुरून ठेव आणि तुझ्या ट्रान्सीव्हरने शोधून दाखव. कुणाबरोबर जातोस, त्याचा नंबर लिहून दे. खर्चाचा हिशोबही तिच्यासमोर मांड: भाड्याचे दिवसाला किती जातात, किती हिवाळ्यांत फिटतं. फिटत नसेल तर तेही तिला सांग.

न्यायची चिंता करू नको. १५० चा बोर्ड गोवा एक्सप्रेसच्या खालच्या बर्थखाली आरामात मावतो. सांबऱ्याहून विमानाने जाणार असशील तर तिकिटाआधी लांब सामानाचं विचारून घे.

घरी ठेवायचं मात्र नीट ऐक. माझा पहिला बोर्ड मी मार्चमध्ये ओल्या पिशवीसकट टिळकवाडीच्या घराच्या माळ्यावर टाकला. आपला पाऊस तुला माहीत आहे. दसऱ्याला पिशवी उघडली तर दोन्ही एजवर तांबूस पापुद्रा चढलेला, आणि पिशवीच्या अस्तरावर बोर्डच्या आकाराची, कुणी गेरूने आखल्यासारखी रेघ. घासून वरचा गंज गेला, आत खाल्लेले खड्डे राहिले. म्हणून परत आल्याबरोबर बोर्ड पुसून दोन दिवस पंख्याखाली वाळव. बाइंडिंग काढ. बेसवर इस्त्रीने मेणाचा जाड थर दे, तो एजवरून खाली उतरू दे आणि खरवडू नकोस, तसाच राहू दे. जॉब पाठवताना गंज धरू नये म्हणून तेल लावतोस तसं तेल बेसला लावायचं नाही, मेणच. पत्र्याखालचा माळा नको, एप्रिल-मेच्या उन्हाने थर सुटतात; खोलीत, कपाटामागे, आडवा ठेव. आणि गणपतीत घर आवरायला काढशील तेव्हा पिशवी उघडून एजवरून एकदा बोट फिरव.